नवरीच्या मागची जागा

पाटोंग बीच, फुकेत
२९ मार्च २०२०

आक्का,

नमस्कार. पाया पडायला फार लांब आहे, तेव्हा इथनंच वाकलो असं समज.

तू माझा फोन उचलत नाहीस त्याला आता अकरा वर्षं झाली. म्हणून पत्र लिहितोय. पत्राचा एक फायदा असतो, ऐकणाऱ्याला मधेच फोन आपटता येत नाही. पण टपालही बंद आहे. विमानंच उडत नाहीत तर पत्र काय पोहत येणार? तेव्हा कागदावर लिहून त्याचे फोटो पूर्णिमेला पाठवतोय. पूर्णिमे, तुझी आई भाकऱ्या थापत असेल तेव्हाच हे वाचायला घे. हात पिठात असले की तिला उठून जाता येत नाही.

आक्का, मी इथं काय करतो ते तुला कुणी सांगितलं असेल, नसेल. आपल्याकडची पैसेवाली माणसं ह्या बेटावर लग्नं करायला येतात. समुद्राच्या काठाला एक मोठं रिसॉर्ट आहे, तिथं त्यांना मांडव, भटजी, हळद, वरातीचा हत्ती असं सगळं जुळवून देणं हे माझं काम. मंगळवार पेठेतला माणूस थायलंडात जाऊन गुजरात्यांच्या वराती काढतो, हे ऐकून दाजी हसले असतील. हसू देत. काम चांगलं होतं.

होतं म्हणतोय, कारण आता रिसॉर्ट बंद आहे. शेवटची विमानं सुटली तेव्हा पाहुणे चपला टाकून पळावेत तसे गेले. नोकरमाणसं आपापल्या गावी गेली. मालकानं मला म्हटलं, तू राहा, राखण कर, खोली आहेच. म्हणून राहिलो. एवढ्या मोठ्या हॉटेलात मी एकटा रिकाम्या खोल्यांच्या दारांवरनं हात फिरवत हिंडतो. तुझी भावजय पिम मजेत आहे. तिनं तुला नमस्कार सांगितलाय.

आता मुद्द्याचं. पूर्णिमेचं लग्न कोडोलीच्या धैर्यशीलशी ठरलं हे मला माघातच कळलं. तुझ्याकडनं नाही, तिच्याकडनं. रडतच फोन केला होता पोरीनं. "मामा, तू आला न्हाईस तर मला बोहल्यावर कोण नेणार? माझ्या मागं कोण हुबं ऱ्हाणार?" मी म्हटलं, येतो. सख्खा मामा एकच आहे मी तिला. लहानपणी जत्रेत माझ्या खांद्यावर बसून माझीच टोपी उडवायची, त्या पोरीला बोहल्यावर न्यायला मी नाही तर कोण जाणार?

पण तिकीट काढलं नाही. का ते सांगतो. मामाला आमंत्रण नवरीच्या आईनं द्यायचं असतं. देवापुढं पत्रिका ठेवली की दुसरी माहेरी जाते, भावाच्या हातावर अक्षत पडते. तू ती टाकली नाहीस. पोरीकरवी सांगावा पाठवून भागवलंस, का तोही तिनं आपल्या मनानंच दिला? मीही तुझाच भाऊ. म्हटलं, आक्का स्वतः "ये" म्हणेपर्यंत हलायचं नाही. रोज फोनकडं बघत बसलो. आणि तेवढ्यात विमानं बंद झाली.

आता तू स्वतः बोलावलंस तरी मला येता येत नाही. बस, दोघंही आपापला मान कुरवाळत बसू.

विजयसिंह

*

पाटोंग
१७ एप्रिल २०२०

आक्का,

पूर्णिमेनं सगळा वृत्तांत कळवला. पत्र वाचताना तू भाकरी थापायची थांबली नाहीस, उलट जोरात थापायला लागलीस म्हणे. आणि शेवटी म्हणालीस, "वाचायचं तर वाच, पर मला ऐकू येईल आसं वाचू नको." म्हणजे ऐकलंस. बरं झालं.

आणखी एक वाक्य म्हणालीस, तेही तिनं जसंच्या तसं सांगितलं. "भरल्या ताटावरनं उठून गेला त्यो. आसल्याला अक्षत द्यायची व्हय?"

हां, आता बोललीस. तर तेच बोलू. गौरी बसल्या होत्या. मी पिमला लग्न करून पहिल्यांदाच घरी आणली होती. तिला नऊवारी नेसता येईना म्हणून शेजारच्या झुंबरबाईंनी पिना लावून नेसवली होती, तरी तोंड हसरं. पेठेतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. चिमणाबाईंनी विचारलं, "ही कोण गं, संयोगिता?" आणि तू म्हणालीस, "विजूच्या हाटेलातली पावणी हाय." सख्ख्या भावजयीला पावणी! मी तिकडं सोप्यात पुरणपोळीवर तूप घेत होतो. तसाच उठलो. बरोबर केलं. आज वाढलंस आणि आज तसंच म्हणालीस तर आजही उठेन.

तुला एक गोष्ट कधी कळली नसेल ती सांगतो. बसमध्ये पिमनं मला विचारलं, पावणी म्हणजे काय? मी सांगितलं, घरी आलेला पाहुणा. तर तिचा चेहरा खुलला. म्हणाली, तुझी बहीण फार चांगली आहे, सगळ्यांना सांगत होती की ही आमची पाहुणी. आपण इतक्या घाईनं का निघालो, हे तिला अजून माहीत नाही. मला वाटतं तिनं विचारायचं सोडून दिलं.

असो. इकडची हकीकत. बेट बंद झालंय, जायचं नाही आणि यायचं नाही. समुद्रावर लाल-पांढरी पट्टी बांधून पोलीस बसवलाय. एवढा समुद्र, पण पाय बुडवायला मनाई. पोहायच्या तलावाचं पाणी हिरवं झालंय आणि त्यात बेडकं आलीत. वरातीचा हत्ती सुद्धा बेट बंद व्हायच्या आधीच माहुतानं ट्रकात घालून गावाला नेला. त्या हत्तीला गाव होतं, त्याला कुणी अडवलं नाही. परवा पाल ओरडली, इथली पाल कोंबड्याएवढ्या आवाजात ओरडते, तर मी तिला "काय गं बाई" म्हणालो. तेव्हा लक्षात आलं, दोन दिवसांत तोंडातनं निघालेला हा पहिला शब्द. पिम असतेच म्हणा.

लग्न पुढं ढकललं ते कळलं. शहाणपणाचं केलंत. पुढच्या तारखेपर्यंत विमानं सुरू होतील. वकिलातीच्या यादीत मी नाव घातलंय, भारतात परत जाणाऱ्यांच्या. तुझ्या आमंत्रणाची वाट न बघता घातलंय, हे लक्षात असू दे.

पूर्णिमेला एक गंमत सांग. दोन वर्षांमागं पुण्याचं एक लग्न होतं इथं. नवरीचा मामा बँकॉकच्या विमानतळावर अडकला, मुहूर्त काही थांबत नाही. आईबाप माझ्याकडं आले, म्हणाले, तुम्ही मराठी आहात, तुम्हीच उभे राहा. मग काय, फेटा बांधून झालो मामा. ती पोर कोण कुठली, पण तिला हाताला धरून आणताना तिनं माझं बोट असं घट्ट पकडलं ते बोहल्यावर उभी राहीपर्यंत सोडलं नाही. लोकांच्या पोरींना बोहल्यावर नेण्यात आयुष्य चाललंय. आपल्या पोरीला न्यायचंय मला आक्का. तेवढंच.

विजयसिंह

*

पाटोंग
१० मे २०२०

आक्का,

आज खरं लिहितो. पूर्णिमेनं पकडलं मला. म्हणाली, "मामा, मामी व्हिडिओवर कधीच दिसत न्हाई. दर येळी न्हायला गेलेली आसती व्हय?" तुझीच पोर.

पिम इथं नाही. मार्चच्या सुरुवातीला तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून ती उदोनला गेली, उत्तरेला, फार लांब. दोन आठवड्यांत येते म्हणाली होती. मग बेट बंद झालं. ती तिकडं, मी इकडं. दोन-चार दिवसांनी फोन करते. तिची आई मला ओळखतही नाही आता, पण पिम फोन तिच्या कानाला लावते आणि मी म्हणतो, सवादी ख्रप आई. नमस्कार आई. म्हातारी नुसता श्वास घेते, तो ऐकतो.

मजेत आहे असं लिहिलं ते खोटं होतं. तुझ्यापुढं एकटा पडलोय असं दिसू नये म्हणून लिहिलं. तू म्हणाली असतीस, बघा, गेला परक्या देशात, काय झालं? ती संधी तुला द्यायची नव्हती. आता देतो. एकटा पडलोय आक्का. संध्याकाळ झाली की मी रिसॉर्टच्या मोठ्या जेवणघरात जातो, सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्यात, त्यातली एक खाली काढतो आणि बसतो. खायला बसतो असंही नाही. माणसं जिथं बसायची तिथं बसतो, एवढंच.

आणखी एक लपवलं होतं. मालक धाडतो म्हणाला होता ते जेवणाचं सामान केव्हाच बंद झालं. त्याचंही काही चालत नाही बिचाऱ्याचं. इथं लोकांनी रस्त्याच्या कडेला कपाटं ठेवलीत. ज्याला जमेल त्यानं तांदूळ, अंडी, शेवयांची पाकिटं त्यात ठेवायची, ज्याला लागेल त्यानं न्यायची. विचारणारा कुणी नाही. पहिल्या दिवशी मी त्या कपाटावरनं तीनदा पुढं गेलो आणि तीनदा माघारी आलो. मंगळवार पेठेतला माणूस, हात पुढं होईना. मग युक्ती केली. तुझ्या चटणीची अर्धी बरणी उरली होती, ती पिशवीत बांधून कपाटात ठेवली आणि मग तांदूळ घेतले. फुकट नको.

हो, तुझी कांदा-लसूण चटणी. पूर्णिमा दर उन्हाळ्यात कुणा ना कुणा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर एक बरणी पाठवते. मला सांगते, आईला माहीत न्हाई. आक्का, मिरच्या तू स्वतः तोलून आणतेस, डंकावर कुटायला स्वतः बसतेस, तीन माणसं खातात त्या घरात एक बरणी कमी झाली तर तुला कळत नसेल? मी काही बोललो नाही कधी. आजही बोललो नसतो.

चटणी तीन दिवस कुणी उचलली नाही. चौथ्या दिवशी गेली. ज्यानं नेली त्याचं काय झालं असेल ह्या विचारानं मी एकटाच मोठ्यानं हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

वकिलातीकडनं काही नाही. यादी मोठी आहे, गरोदर बायका, म्हातारी माणसं, विद्यार्थी पहिल्यांदा. बरोबरच आहे ते. भाचीचं लग्न हे कारण तिथल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सर, लग्नं होत राहतात. मी म्हटलं, बाई, हे एकदाच आहे.

विजू

*

पाटोंग
२ जून २०२०

आक्का,

तू मला निरोप पाठवलास. पूर्णिमेच्या तोंडून का होईना, पण पाठवलास. "त्येला म्हणावं, बायकूची आई आजारी आसंल तर बायकूनं तिकडंच ऱ्हावं. आन् कपाटातलं घेताना लाजू नको म्हणावं, आन्नाला कसली लाज?" तिनं तो फोनवर बोलून पाठवला, मी पुन्हा पुन्हा ऐकला. पूर्णिमा तुझी नक्कल चांगली करते.

पण त्याच्याच पाठोपाठ दुसरा निरोप आला. लग्न चौदा जूनला, घरच्या घरी, पन्नास माणसांत. आणि मामा म्हणून गणपतराव उभा राहणार.

दोन दिवस डोकं फिरलं होतं माझं. गणपतराव! चुलत भाऊ तो, नृसिंहवाडीला पेढे विकतो, चांगला माणूस आहे, मान्य. पण त्याला पूर्णिमेची जन्मतारीख तरी माहीत आहे का? ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा वर्गाबाहेर दिवसभर मी बसलो होतो, तो नाही. तिला गोवर झाला तेव्हा तू आणि मी आळीपाळीनं बसलो. माझी जागा तू चुलत्याच्या पोराला देतेस? एकदा तरी विचारायचं होतंस. मी म्हणालो असतो, ती जागा मोकळी ठेव. तिच्या मागं कुणी नको. लोकांनी विचारलं की सांग, हिचा मामा परदेशात अडकलाय, त्याची जागा आहे ही.

असं रागानं पान भरून लिहिलं होतं. ते फाडलं. मग बाहेर हिरवळीवर गेलो, जिथं आम्ही मांडव घालतो तिथं. आणि मला ती पुण्याची पोर आठवली, बोट धरलेली. तिच्या मामाची जागा मोकळी ठेवली असती तर ती बिचारी कुणाचं बोट धरून चालली असती? मोकळी जागा माझ्या मानासाठी. पोरीला माणूस लागतं.

तर उभा राहू दे गणपतरावाला. मी म्हणतोय म्हणून नाही, तू ठरवलंस म्हणून. पण त्याला चार गोष्टी सांग, ह्या कामात माझा हात बसलाय. गौरीहरापासनं उठवताना पोरीला ओढायचं नाही, ती आपसूक उठेपर्यंत थांबायचं. शालू पायात येतो, तेव्हा पावलं बारकी टाकायची. उभं राहिल्यावर गुडघे सैल ठेव म्हणावं, मंगलाष्टकं लांबली की ताठ उभ्या माणसाला चक्कर येते, मी दोन मामा पडलेले बघितलेत. अक्षता चेहऱ्यावर जोरात येतात, त्याचा एक हात तिच्या कपाळाशी असू दे. आणि अंतरपाट खाली गेला की मामाचं काम संपतं. तिथंच घुटमळायचं नाही.

पूर्णिमा म्हणते, तिची मैत्रीण रक्षिता फोन धरून उभी राहील, मला सगळं दिसेल. बघतो. टीव्हीवरची लग्नं बघतोच की लोक.

विजू

*

पाटोंग
१५ जून २०२०

आक्का,

हे पत्र थेट तुझ्या नंबरवर पाठवतोय. पूर्णिमा कोडोलीला गेली, आता तुला वाचून दाखवायला घरात कुणी नाही. चष्मा लाव आणि स्वतः वाच. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, तेव्हा जाईल की नाही माहीत नाही. काल तुझ्या घरात जे झालं त्यातलं अर्धं तुला ठाऊक नाही, ते सांगतो.

काल मी सकाळीच गोदाम उघडलं. चार खांब, कापडी झेंडूच्या माळा, मागचा पडदा. दोन माणसांचं काम आहे ते, पण एकट्यानं केलं. हिरवळीवर छोटा मांडव घातला. कशासाठी म्हणशील तर मलाही सांगता येत नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, फेटा बांधला, खुर्ची टाकली आणि दुसऱ्या खुर्चीवर फोन टेकवून बसलो. बागेतली दोन माकडं बघायला आली, तेवढंच वऱ्हाड.

रक्षितानं पूर्णिमेच्या फोनवरनं मला लावलं. दाजी दिसले, तोंडाला मास्क, तरी रडतायत हे कळत होतं. गणपतराव दिसला. गौरीहरापाशी पूर्णिमा दिसली. किती तुझ्यासारखी दिसते ती शालूत. भटजींनी हाक दिली, "मामा, मुलीला आणा." इकडं मी खुर्चीवरनं उठलो, आक्का. सवयीनं. उठलो आणि पुढं पाऊल टाकायला जागा कुठं होती? तिकडं गणपतरावानं तिचा हात धरला. चांगला धरला, हलका. तू सांगितलंस त्याला.

मग तुझी पोर थांबली. भटजी म्हणाले, मुहूर्त आहे, चला. ती म्हणाली, "दोन मिन्टं, गुरुजी." आणि रक्षिताच्या हातातल्या फोनात वाकून बघितलं. म्हणाली, "मामा, माझ्या मागं आता गणपतमामा हायत. तिकडं आईजवळ कोणबी न्हाय. तू आईकडं जा."

मला आधी कळलंच नाही. फोन उलटा झाला, छत दिसलं, मग स्वयंपाकघर, परातीतला भात, मागचं दार, उजेड. आणि परसात तुळशीपाशी पाठमोरी तू.

आक्का, इतकी लग्नं लावली मी. पोरीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात, तिनं मागं तुळशीला पाणी घालत बसायचं, हे मला माहीत नाही होय? मराठी लग्न असलं की मी स्वतः हॉटेलच्या स्वयंपाकघरातनं तुळशीची कुंडी आणून द्यायचो. इथं ती पानं मांसात घालतात, ते जाऊ दे. कुंडी कोपऱ्यात ठेवायचो, आईला खुर्ची द्यायचो आणि मांडवाकडं धावायचो. मागं वळून त्यातल्या एकीकडंही बघितलं नाही कधी. नऊ महिने वाहिलेली, वीस-पंचवीस वर्षं वाढवलेली पोर पलीकडं परक्याची होतेय आणि ही बाई एकटी भिंतीकडं तोंड करून तांब्यातलं पाणी ओततेय. तुला तशी बसलेली बघितलं आणि मग मला ते दिसलं.

रक्षितानं फोन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि अक्षता चुकतील म्हणून पळाली. तू वळली नाहीस. तुझे केस एवढे पांढरे झाल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आत मंगलाष्टकं सुरू झाली. पाणी ओतता ओतताच तू म्हणालीस,

"तिकडं किती वाजलं?"

अकरा वर्षांनी हे! मी म्हटलं, "इथं दीड तास पुढं आसतंय."

"लई वाळलायस."

"तू बघितलंस कुठं मला? पाठ करून बसलीयास की."

"बघाय कशाला लागतंय?" म्हणालीस. मग तांब्या खाली ठेवलास. "पिमची आई बरी हाय?"

तू तिचं नाव घेतलंस. बरोबर घेतलंस, शेवटचा म लांबवून, तिच्या आईसारखं. पूर्णिमेकडनं शिकून घेतलं असणार. मी म्हटलं, "हाय तशीच हाय." तू म्हणालीस, "बरं." तू पुन्हा तांब्या उचललास. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, मला वरनं दिसत होतं, पण तू ओततच होतीस, शेवटच्या सावधानपर्यंत. आत टाळ्या वाजल्या. तू म्हणालीस, "पडल्या बघ अक्षता," आणि पदर तोंडाला लावलास. मी इकडं काय केलं ते लिहीत नाही. माकडांनी बघितलं.

आपण दोघांनीही पोरीचं लग्न बघितलं नाही आक्का. एकत्र नाही बघितलं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं.

मग आतनं कुणीतरी ओरडलं, कन्यादानाला चला, आणि तू उठून धावलीस. फोन तसाच कट्ट्यावर राहिला. हेच तुला ठाऊक नाही. बंद करायचं तुझ्या ध्यानात आलं नाही, आणि मी काही केला नाही. मला तुळशीचं खोड, ओली माती आणि न्हाणीघराच्या भिंतीचा कोपरा दिसत होता. एक मुंगळा फोनच्या काचेवरनं चालत गेला. आतलं सगळं ऐकू येत होतं. पाट मांडल्याचे आवाज. दाजी कुणाला तरी जिलेबीचा आग्रह करत होते. पूर्णिमेनं नाव घेतलं, त्यातला शेवटचा शब्द हसण्यात बुडाला. गणपतराव सगळ्यांना सांगत होता की त्याला जराही चक्कर आली नाही. झुंबरबाई मीठ मागत होत्या. मी खुर्ची फोनच्या जवळ ओढून घेतली आणि बसून राहिलो. जेवणं झाली, माणसं हात धुवायला परसात येऊन गेली, कुणाचं लक्ष नव्हतं. ऊन भिंतीवरनं सरकलं.

मग निघायची गडबड सुरू झाली. पूर्णिमेच्या सासूबाई, अंबूबाई, मागच्या दारात आल्या. तू त्यांची ओटी भरत असावीस, बांगड्या वाजत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय हो विहीणबाई, पोरीचा सख्खा मामा म्हणं परदेशात आसतोय. त्यो न्हाई आला?"

आक्का, तू जराही थांबली नाहीस.

"आलाय की," म्हणालीस. "मागं तुळशीपाशी बसलाय."

विजू